दम्याची प्रयोगशाळा आणि तिथली माणसे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दम्याच्या जीवशास्त्रावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षे आहे. सुरुवातीला स्लाइडवरच्या पेशी मोजत असे, आता प्रयोगशाळेची व्यवस्था पाहते. नातेवाईक, रुग्ण, पीएच.डी.साठी विचारणा करणारे विद्यार्थी आणि अधूनमधून लेखा विभागातील मंडळी जे प्रश्न विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना भारतातील प्रयोगशाळा डोळ्यांसमोर ठेवली आहे. उदाहरण बाहेरचे असेल तेथे तसे सांगितले आहे.

माझ्या मुलाला दमा आहे. त्याला तुमच्याकडे दाखवायला आणू का?

नाही. येथे रुग्ण तपासले जात नाहीत आणि औषधही लिहून दिले जात नाही. आमच्याकडे ज्यांना ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली जाते, त्यांतील बहुतेक पीएच.डी.चे डॉक्टर असतात आणि त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप नसतो. मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा छातीविकारतज्ज्ञांकडे न्यावे. त्याचा इनहेलर, म्हणजे घरोघरी ज्याला ‘पंप’ म्हणतात तो, कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नये.

मग प्रयोगशाळेत नेमके कोण कोण असते?

प्रमुखाला कागदोपत्री प्रधान संशोधक म्हणतात, समोर सर किंवा मॅडम म्हणतात आणि विद्यार्थी आपापसांत बोलताना ‘गाइड’ म्हणतात. निधीसाठी अर्ज लिहिणे, शोधनिबंध तपासणे आणि बैठकांना जाणे यांतच त्यांचा दिवस जातो. प्रयोगाच्या ओट्यावर ते फारसे दिसत नाहीत. प्रत्यक्ष प्रयोग पीएच.डी.चे विद्यार्थी, एक-दोन पोस्टडॉक (पीएच.डी. झाल्यावर काही वर्षे संशोधन करणारे) आणि प्रकल्पाच्या मुदतीपुरते नेमलेले प्रोजेक्ट असिस्टंट करतात. त्यांच्या जोडीला टेक्निशियन असतात, आणि काचसामान धुणारे, ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, लावणारे, द्रव नायट्रोजनचे पिंप भरून आणणारे अटेंडंट असतात. ही झाली एका खोलीतली माणसे. याखेरीज रुग्णालयात छातीविकारतज्ज्ञ, फुफ्फुसांची क्षमता मोजणारा तंत्रज्ञ आणि रुग्णांशी बोलणारी समन्वयक असते. ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तेथे, पशुवैद्य आणि पिंजरे सांभाळणारे कर्मचारी असतात. आणि कुठल्या तरी कोपऱ्यात संगणकावर जनुकांची माहिती चाळणारा एक जण असतो, जो पिपेट हातात धरत नाही.

इतक्या प्रकारची माणसे लागतात याचे कारण रोगातच आहे. दम्यात श्वासनलिकेच्या अस्तराला सूज येते, तिच्याभोवतीचा स्नायू आकसतो आणि चिकट श्लेष्मा आतली वाट अडवतो. हे तिन्ही एकत्र घडते, आणि पुन्हा बरेचसे पूर्ववतही होते. बशीत वाढवलेल्या पेशीला धाप लागत नाही, रक्ताच्या नळीला खोकला येत नाही, आणि रुग्णाच्या फुफ्फुसात हवे तेव्हा डोकावता येत नाही. म्हणून रोगाचा एकेक तुकडा एकेकाच्या हाती असतो, आणि एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात तो नीट गेला की नाही यावर सगळा निष्कर्ष उभा राहतो. शोधनिबंधाच्या लेखकयादीत या सगळ्यांची नावे येत नाहीत. काहींची शेवटच्या आभारात येतात, काहींची तिथेही येत नाहीत. ही माझी जुनी तक्रार आहे आणि पुढच्या उत्तरांतही ती डोकावेल.

रुग्णाकडून प्रयोगशाळेत काय येते, आणि ते कोण आणते?

रक्त येते, नाकातील अस्तर हलक्या ब्रशने खरवडून घेतलेल्या पेशी येतात, आणि दुर्बिणीची तपासणी वैद्यकीय कारणाने होणारच असेल तर, रुग्णाच्या संमतीने, श्वासनलिकेतील पेशीही येतात. पण दम्याच्या प्रयोगशाळेची खरी ओळख म्हणजे बेडका. तो कसा मिळवतात हे थोडे विस्ताराने सांगते, कारण ‘थुंकी तपासतात’ एवढ्यावर लोक ते सोडून देतात.

पुष्कळ दमेकऱ्यांना सांगितल्याबरोबर कफ काढता येत नाही. अशा वेळी आधी श्वासनलिका रुंदावणारे औषध देतात, फुंकर मारायला लावून फुफ्फुसांची क्षमता मोजतात, आणि मग नेहमीच्या सलाइनपेक्षा कितीतरी खारट, ३ ते ४.५ टक्के मिठाच्या पाण्याची वाफ यंत्रातून काही मिनिटे हुंगायला देतात. मीठ श्वासनलिकेत पाणी ओढून घेते आणि कफ सुटतो. हीच वाफ दमेकऱ्याची श्वासनलिका आकसवूही शकते, म्हणून दर काही मिनिटांनी थांबून पुन्हा फुंकर मारायला लावतात आणि आकडा ठरावीक मर्यादेखाली घसरला तर तेथेच थांबतात. हे करणारी व्यक्ती रुग्णाच्या चेहऱ्याकडे यंत्राइतकेच लक्ष देते. रुग्ण संकोचतो, चूळ भरतो, नाक शिंकरतो, पुन्हा माफी मागतो. चारचौघांत थुंकू नये असे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला ‘मोठ्याने खाकरा, अजून जोरात’ असे सांगावे लागते, आणि ते त्याला अवघडल्यासारखे वाटू न देता सांगण्यात कौशल्य आहे.

त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. नमुना साधारण २ तासांच्या आत हाताळावा लागतो, नाहीतर पेशी मरू लागतात. बशीत ओतलेल्या लाळेतून टेक्निशियन चिमट्याने घट्ट, दुधट गोळे वेचून बाजूला करते, त्यांचे वजन करते, त्यावर श्लेष्मा विरघळवणारे द्रावण घालते, बारीक नायलॉनच्या जाळीतून गाळते, सेन्ट्रिफ्यूजमध्ये फिरवून काचेवर पेशींचा पातळ थर बसवते आणि तो रंगवते. मग सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पेशी मोजायच्या. लाळेतून आलेल्या तोंडाच्या चपट्या पेशी यात धरायच्या नाहीत. इओसिनोफिल नावाची पांढरी पेशी लगेच ओळखू येते: दोन पाकळ्यांचे केंद्रक आणि भोवती खच्चून भरलेले शेंदरी दाणे. १०० पेशींत अशा २-३ किंवा अधिक आढळल्या तर हा दमा इओसिनोफिलचा, असे मानण्याची पद्धत आहे. म्हणजे ४०० पेशींत ८ की १२ एवढ्या फरकावर रुग्ण कुठल्या गटात जाईल हे ठरते. या कामाला बसले असताना कोणी दारातून हाक मारली की मोजणी चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आमच्याकडे त्या खोलीच्या दाराला ‘मोजणी चालू आहे’ अशी पाटी लावतात आणि पाटी असताना गाइडसुद्धा आत येत नाहीत.

असल्या मोजणीने एवढे काय साधते?

एका औषधाचा जीव वाचला, एवढे तर साधलेच. इओसिनोफिल दम्यात नुकसान करतात आणि इंटरल्युकिन-५ हा संदेशवाहक रेणू त्यांना पोसतो, हे १९९० च्या दशकात बऱ्यापैकी प्रस्थापित झाले होते. या रेणूला बांधून ठेवणारे प्रतिपिंड, मेपोलिझुमॅब, तयार झाले आणि २००० साली २४ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. रक्तातले आणि बेडक्यातले इओसिनोफिल घटले होते, पण श्वासनलिकेची संवेदनशीलता जशीच्या तशी होती. २००७ मध्ये ३६२ रुग्णांच्या चाचणीतही ठळक फायदा दिसला नाही. अनेकांनी औषधावर फुली मारली.

कॅनडातील हॅमिल्टन येथे फ्रेडरिक हारग्रीव्ह यांच्या प्रयोगशाळेने बेडक्यातील पेशी मोजण्याची पद्धत १९९० च्या दशकात घासूनपुसून पक्की केली होती. तेथील परमेश्वरन नायर आणि सहकाऱ्यांनी, आणि स्वतंत्रपणे इंग्लंडमधील लेस्टरच्या गटाने, प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला: औषध सगळ्या दमेकऱ्यांना न देता, ज्यांच्या बेडक्यात उपचार चालू असूनही इओसिनोफिल टिकून आहेत त्यांनाच दिले तर? हॅमिल्टनच्या चाचणीत २० रुग्ण होते आणि लेस्टरच्या ६१. दोन्ही निकाल २००९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि दोन्हींत दम्याचे झटके घटलेले दिसले. २०१५ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. आधी ३६२ जणांत न दिसलेली गोष्ट नंतर २० जणांत दिसली, कारण मधे कोणीतरी बसून पेशी मोजल्या होत्या.

हे काम यंत्राला का देत नाही?

रक्तातील पेशी यंत्र उत्तम मोजते. बेडका चिकट असतो, त्यात मेलेल्या पेशी, श्लेष्म्याचे धागे आणि सकाळच्या नाश्त्याचे कणही असतात. चित्रांवरून पेशी ओळखणारी संगणकप्रणाली हळूहळू येत आहे. तोवर डोळा माणसाचाच.

रुग्णांना हे सगळे मराठीतून समजावून सांगता का?

सांगावेच लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला तिला कळणाऱ्या भाषेत माहिती देऊन संमती घेणे बंधनकारक आहे. तिला वाचता येत नसेल तर निष्पक्ष साक्षीदारासमोर संमतिपत्र वाचून दाखवावे लागते. कायद्याचा भाग इथे संपतो आणि भाषेचा सुरू होतो, जो अधिक अवघड आहे.

मराठीत ‘दम लागला’ हे जिना चढल्यावरही म्हणतात आणि झटका आल्यावरही. ‘धाप लागते’, ‘छाती भरून येते’, ‘छातीत घुरघुर होते’, ‘श्वास वर वर चालतो’, ‘पिसाट खोकला येतो’ यांतील प्रत्येक वाक्याचा अर्थ वेगळा आहे, आणि प्रश्नावलीत मात्र चौकट एकच असते: श्वास सोडताना छातीत शिट्टीसारखा आवाज येतो का? ‘शिट्टी’ शब्द ऐकून प्रेशर कुकर आठवणारी माणसे ‘नाही हो, तसे काही नाही’ म्हणतात, आणि शेजारी बसलेली बायको म्हणते, “अहो, रात्री मांजर गुरगुरावे तसे वाजते की!” अशा वेळी समन्वयक आपल्या तोंडाने तो आवाज काढून दाखवते. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि यापेक्षा विश्वासार्ह पद्धत मला माहीत नाही.

दुसरी अडचण ‘दमा’ या शब्दाचीच आहे. विशेषतः लग्नाच्या मुलीच्या घरी हा शब्द चालत नाही. ‘तिला थोडी ॲलर्जी आहे’, ‘बालदमा होता, आता गेला’, ‘सर्दीचा कोठा आहे’ असे सांगितले जाते. समन्वयकाने ही उत्तरे जशीच्या तशी लिहून घेतली तर प्रयोगशाळेतील नळी निरोगी गटात जाऊन पडते आणि पुढे कुठल्याही महागड्या यंत्राला ती चूक दुरुस्त करता येत नाही.

नमुना देणाऱ्याला काय मिळते?

प्रवासखर्च आणि त्या दिवशीच्या गैरसोयीची माफक भरपाई मिळते. रकमेला नैतिकता समितीची मंजुरी असावी लागते, आणि ती आमिष वाटेल इतकी नसावी असा दंडक आहे. स्वतःच्या आजारात फायदा होईल असे आश्वासन कोणी देत असेल तर ते चुकीचे आहे.

पेशी वाढवणारे रविवारीही का येतात?

पेशींना रविवार कळत नाही. पुष्कळ प्रयोगांसाठी न संपता वाढत राहणारे पेशींचे वाण वापरले जातात. भारतातील अनेक प्रयोगशाळा ते पुण्याच्या विद्यापीठ परिसरातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून मागवतात. मात्र हे वाण कर्करोगाच्या गाठीतून आलेले किंवा विषाणूच्या साहाय्याने ‘अमर’ केलेले असतात, त्यामुळे दमेकऱ्याच्या अस्तराचे गुण त्यांच्यात पुरते दिसत नाहीत. ते पाहायचे तर रुग्णाच्याच पेशी वाढवाव्या लागतात. बारीक छिद्रांच्या पडद्यावर त्या पसरायच्या, खालून पोषक द्रव द्यायचा आणि वरची बाजू हवेला उघडी ठेवायची, जशी ती श्वासनलिकेत असते. ३ ते ४ आठवडे दिवसाआड द्रव बदलत राहिले की साध्या चपट्या पेशींचे खरे अस्तर तयार होते. काही पेशी श्लेष्मा बनवू लागतात आणि काहींवर केसांसारखे सूक्ष्म तंतू उगवून एका लयीत हलू लागतात. पहिल्यांदा ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा जातो आहे असे वाटले होते.

२६व्या दिवशी त्यावर बुरशी आली तर २६ दिवस गेले, आणि पुष्कळदा तो रुग्णही पुन्हा येत नाही. म्हणून हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, हात घालण्याआधी स्पिरिटने कोपरापर्यंत पुसणारी, बोलता बोलता नळीचे बूच उघडे न ठेवणारी माणसे या कामावर लागतात. दिवाळीत कोण कधी येणार याचे वेळापत्रक आमच्याकडे नवरात्रातच भिंतीवर लागते, आणि त्यावरून भांडणेही होतात.

उंदरांना दमा होतो का?

आपोआप होत नाही. मांजराला दम्यासारखा विकार होतो, घोड्यालाही श्वासाचा तसा आजार होतो; उंदराला मात्र तो मुद्दाम घडवावा लागतो. जुनी पद्धत अशी: अंड्याच्या पांढऱ्या भागातील ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडबरोबर पोटात टोचायचे आणि काही आठवड्यांनी तेच प्रथिन श्वासावाटे द्यायचे. त्या हायड्रॉक्साइडला बोलीत ‘ॲलम’ म्हणतात, पण ती दाढीनंतर लावायची तुरटी नव्हे. आता बहुतेक ठिकाणी गादीतल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा अर्क नाकावाटे देतात, कारण माणसाला दमा होण्याच्या वाटेशी तो अधिक जुळतो. नंतर श्वासनलिका आकसवणारे मेथॅकोलीन वाढत्या मात्रेत देऊन हवेला होणारा अडथळा मोजतात. याला दमा म्हणावे की दम्याचे सोंग, यावर आमच्या चहाच्या टेबलावर अजून एकमत नाही.

उंदीर कोण हाताळतो यावर निकाल बदलतो, हे बाहेरच्यांना सांगितले तर खरे वाटत नाही. शेपटी धरून उचललेले उंदीर भेदरतात आणि छोट्या नळीतून किंवा ओंजळीत उचललेले त्या मानाने शांत राहतात, हे इंग्लंडमधील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले. माँट्रियलच्या एका गटाला २०१४ मध्ये असे आढळले की पुरुष संशोधक, किंवा पुरुषाने वापरलेला नुसता टीशर्टसुद्धा, जवळ असला की उंदरांचा ताण वाढतो. तणावाची संप्रेरके सूज दाबतात, आणि दम्याचा सगळा अभ्यासच सुजेचा. त्यामुळे पिंजरे बदलणारा कर्मचारी रजेवर गेला आणि बदली माणूस आला, तर वहीत तारीख घालून तशी नोंद करावी असे मी सांगत असते. कोणत्या पिंजऱ्यातील उंदीर खात नाही, कोणाचे केस विस्कटले आहेत, हेही त्यालाच आधी कळते.

उंदरांना मारता, त्याचे काही वाटत नाही का?

वाटते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या केंद्रीय समितीच्या देखरेखीत, संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी घेऊनच प्रयोग करता येतो, आणि इतके उंदीर कशाला, याहून कमी का नकोत, याचे लेखी उत्तर द्यावे लागते. मंजुरी असली तरी पहिल्या वेळी नवीन विद्यार्थ्यांचे हात थरथरतात. काही जण हे काम नको म्हणून विषय बदलून घेतात, आणि त्यांना कोणी कमी लेखू नये.

तुमच्यापैकी कोणाला दमा आहे का?

असतो, आणि काहींना तो येथेच जडतो. उंदराच्या मूत्रातील एक प्रथिन सुकून हवेत उडते आणि त्याची ॲलर्जी होते. प्राणी हाताळणाऱ्यांमध्ये हा व्यवसायजन्य आजार म्हणून जगभर ओळखला जातो. आधी शिंका, डोळ्यांना खाज, मग मनगटावर गांधी, आणि दुर्लक्ष केले तर छातीत घुरघुर. बहुधा कामाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. हवा स्वतंत्रपणे खेळती ठेवणारे पिंजरे, एन-९५ मास्क, हातमोजे आणि कपडे बदलण्याची वेगळी खोली यांनी हे बरेच टळते. दम्यावर प्रबंध लिहिणाऱ्यानेच पंप घेऊन फिरावे यात विनोद आहे खरा, पण विद्यार्थी प्रयोग थांबेल या भीतीने लक्षणे लपवतात, आणि तिथे विनोद संपतो.

पूर्वीचे शास्त्रज्ञ स्वतःवर प्रयोग करत म्हणतात. आजही करता का?

पूर्वी करत, हे खरे आहे. १९२१ मध्ये कार्ल प्राउस्निट्झ यांनी मासे न सोसणाऱ्या आपल्या सहकाऱ्याचे, हाइन्झ क्युस्टनर यांचे, रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतले आणि नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचताच गांधी उठली. ॲलर्जी रक्तातील कशाने तरी एकाकडून दुसऱ्याकडे नेता येते, हे त्यातून कळले. ते ‘काहीतरी’ काय, हे सापडायला पुढे ४५ वर्षे लागली.

किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य अमेरिकेतील डेन्व्हरच्या बालदमा संशोधन संस्थेत काम करत होते. रक्तातील हा घटक इतका अत्यल्प होता की त्या काळचे कोणतेही यंत्र तो दाखवू शकत नव्हते. माणसाची त्वचा मात्र दाखवत होती. म्हणून ते वेगळे केलेले अंश स्वतःच्या त्वचेत टोचून घेत. १९६६ मध्ये त्यांनी हे नवे प्रतिपिंड असल्याचे मांडले. स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन आणि बेनिश यांना तेच प्रतिपिंड एका कर्करोगी रुग्णाच्या रक्तात भरपूर प्रमाणात सापडले, आणि १९६८ मध्ये त्याचे आयजीई असे नामकरण झाले. आज कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या अहवालात ‘टोटल आयजीई’ असा जो रकाना असतो, त्याच्यामागे इशिझाका दांपत्याने आपल्या त्वचेवर सोसलेली खाज आहे.

तिसरे नाव रॉजर अल्टून्यान यांचे. इंग्लंडमधील एका औषधकंपनीत काम करणाऱ्या या डॉक्टरांना स्वतःला दमा होता आणि गिनीपिगची ॲलर्जी होती. ते गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून झटका आणत आणि नवनवी संयुगे त्याला अडवतात का ते पाहत. वर्षानुवर्षे चाललेल्या या खटाटोपातून क्रोमोग्लायकेट हे औषध मिळाले, जे उंदीर-गिनीपिगांवरच्या चाचण्यांत कदाचित सापडलेही नसते.

आज असे करायला नैतिकता समिती परवानगी देणार नाही, आणि तेच योग्य आहे. गाइडने ‘मी स्वतः करतो’ म्हटले की ‘मी करणार नाही’ असे म्हणणे विद्यार्थ्याला जड जाते.

प्रयोगशाळेबाहेर, लोकांच्या घरी जाऊन काम करणारेही असतात का?

असतात, आणि त्यांच्या पिशवीत बहुधा धूळ असते. अमेरिकेत अमिश आणि हटराइट हे दोन शेतकरी समाज मूळचे युरोपातील सारख्याच वंशाचे आहेत. अमिश अजून घोड्यांनी शेती करतात आणि त्यांची मुले गोठ्याजवळ वाढतात. हटराइटांची शेती यंत्रांची आणि घरापासून दूर असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्हींकडील ३०-३० शाळकरी मुले तपासली गेली. अमिशांमध्ये दम्याचे प्रमाण सुमारे चौपट कमी होते. त्यांच्या घरातील धुळीत जिवाणूंचे अंश जवळजवळ सातपट होते, आणि तीच धूळ उंदरांच्या नाकात घातली तेव्हा त्यांच्या श्वासनलिका शांत राहिल्या. घरोघर फिरून धूळ गोळा करणाऱ्याने पाकिटावर घराचा क्रमांक चुकीचा लिहिला असता तर यातले काहीच दिसले नसते.

संगणकावर बसणारी व्यक्ती काय करते?

तुमच्या-आमच्या चुका पकडते. २००७ मध्ये सतराव्या गुणसूत्राच्या एका भागाचा लहानपणीच्या दम्याशी संबंध दिसला तो हजारो माणसांची माहिती संगणकावर एकत्र तपासल्यामुळे. पण रोजचे काम याहून साधे आहे. पुरुषाच्या नावाने आलेल्या नमुन्यात वाय गुणसूत्रावरील जनुकांचा मागमूस नसेल, तर नळीवरची चिठ्ठी बदलली गेली हे त्यालाच प्रथम कळते. सोमवारी हाताळलेले नमुने एका घोळक्यात आणि गुरुवारचे दुसऱ्या घोळक्यात पडले, तर तो रोगाचा फरक नसून वाराचा आहे, असे नम्रपणे सांगण्याची जबाबदारीही त्याचीच. साहजिकच तो फारसा लोकप्रिय नसतो.

तुमच्या हातून मोठी चूक कधी झाली का?

झाली. एका मे महिन्यात शनिवारी रात्री उणे ८० अंशांचा फ्रीझर बंद पडला. धोक्याची सूचना आपोआप फोनवर जाण्याची सोय होती आणि ती गेलीही; पण नोंदवलेला क्रमांक चार महिन्यांपूर्वी काम सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचा होता. रविवारी झाडायला आलेल्या मावशींना फ्रीझरखाली पाणी दिसले आणि त्यांनी माझ्या घरी फोन केला. तोवर जवळजवळ दोन वर्षांत जमवलेल्या नमुन्यांतील आरएनए, म्हणजे कुठली जनुके चालू होती हे सांगणारा नाजूक रेणू, नष्ट झाले होते. रक्तद्रवाच्या काही नळ्या मावशींमुळे वाचल्या. क्रमांक बदलून घेणे माझे काम होते. आता दर महिन्याच्या १ तारखेला तो क्रमांक मी स्वतः लावून पाहते, आणि मावशींचा क्रमांकही यादीत आहे.

येथे काम करण्यासाठी काय शिकावे लागते, आणि पैसे किती मिळतात?

पीएच.डी.साठी सहसा जीवशास्त्राच्या कुठल्याही शाखेतील एम.एस्सी. आणि नेटसारखी परीक्षा लागते. टेक्निशियनसाठी डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) किंवा बी.एस्सी. आणि स्थिर हात. १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या दरानुसार जेआरएफला (कनिष्ठ संशोधन छात्राला) महिना ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ संशोधन छात्राला) ४२,००० रुपये मिळतात, अधिक नियमानुसार घरभाडे. ते दर महिन्याला वेळेवर हाती पडतात असे मात्र समजू नये. काही महिने घरून पैसे मागवायची तयारी ठेवावी. मराठी माध्यमातून आलो म्हणून मागे पडू का, असे बरेच जण विचारतात. इंग्रजीत लिहिणे दोन वर्षांत जमते. रुग्णाच्या आजीशी बोलून तिचा खोकला नेमका कधी वाढतो हे काढून घेणे काहींना दहा वर्षांतही जमत नाही.

इनहेलर आहेत, मग हे संशोधन कशाला?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये जगात २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि ४,५५,००० लोक त्याने दगावले. यातील बहुतेक मृत्यू नियमित इनहेलर मिळाला असता तर टळले असते, हे संशोधकाने मोकळेपणाने मान्य करावे. त्यांच्यासाठी नव्या रेणूपेक्षा गावातील दवाखान्यात पंप असणे महत्त्वाचे आहे. आमचे काम उरलेल्यांसाठी आहे: ज्यांचा दमा सगळी औषधे घेऊनही आटोक्यात येत नाही, आणि पोटात घ्यायच्या स्टेरॉइडांनी ज्यांची हाडे ठिसूळ होत चालली आहेत. कायमचा इलाज कधी सापडेल, असे घरच्या प्रत्येक लग्नात कोणी ना कोणी विचारतेच, आणि मृग लागला की हैदराबादला जाऊन औषधाचा मासा गिळावा का हेही. पहिल्याचे उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याला मी एवढेच सांगते की जायचे तर जा, पण पंप खिशात असू द्या.

प्रयोगशाळा पाहायला येता येईल का?

पुष्कळ संस्था २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आपली दारे उघडतात. शाळांनी आधी पत्र पाठवावे. ॲनिमल हाउस आणि रुग्णांचे नमुने ठेवलेली खोली दाखवली जात नाही. चपला बाहेर काढाव्या लागतात, आणि अत्तर लावून येऊ नये, कारण आमच्यातल्या दोघांना ते सोसत नाही. हलणाऱ्या तंतूंचे अस्तर त्या दिवशी तयार असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली लावून ठेवतो. रांग लांब असते, म्हणून लहान मुलांना आधी सोडतो.